ताना : दोन पुरांची नदी

ताना ही केनियातील सर्वांत लांब नदी होय. अ‍ॅबरडेअर पर्वतरांग आणि ५,१९९ मीटर उंचीचा माउंट केनिया यांच्या उतारांवर तिचा उगम होतो. सुमारे १,००० किलोमीटरचा प्रवास करून ती किपिनीजवळ हिंदी महासागरास मिळते. थिका, सागाना व थिबा या तिच्या वरच्या खोऱ्यातील प्रमुख उपनद्या होत.

नदीचे बहुतेक पाणी या डोंगराळ भागातूनच येते. गारिसा, होला व गार्सेन या गावांवरून वाहताना तिचा मार्ग वर्षाकाठी जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या रखरखीत मैदानातून जातो. तेथे तिला बारमाही वाहणारी एकही उपनदी मिळत नाही.

विषुववृत्तालगतच्या या प्रदेशात पावसाचे दोन हंगाम असतात. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा, तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा लहान पावसाचा काळ. त्यानुसार नदीलाही वर्षातून दोनदा पूर येतो. पुराबरोबर आलेला गाळ काठच्या सखल जमिनीवर पसरतो. पाणी ओसरल्यावर पोकोमो शेतकरी त्या ओलीवर भात, मका आणि केळी पिकवितात. कोरड्या महिन्यांत ओर्मा पशुपालक गुरे घेऊन याच काठावर येतात.

किंडारुमा (१९६८) ते कियाम्बेरे (१९८८) या वीस वर्षांत नदीच्या वरच्या टप्प्यात पाच जलविद्युत धरणे उभी राहिली. त्यांपैकी मासिंगा (१९८१) हा सर्वांत मोठा जलाशय. देशाला वीज मिळाली. मात्र पुराचे पाणी जलाशयांत अडविले जाऊ लागल्याने खालच्या खोऱ्यातील पुरांचा जोर मंदावला आणि गाळही वरच अडकू लागला. याउलट १९९७-९८ च्या एल निनोसारख्या अतिवृष्टीच्या काळात जलाशय भरून वाहतात व काठची वस्ती पाण्याखाली जाते. उपनदी थिकावरील धरणातून नैरोबीलाही पाणी पुरविले जाते.

सुमारे १.६३ लाख हेक्टर क्षेत्राचा त्रिभुज प्रदेश २०१२ मध्ये रामसर पाणथळ स्थळ म्हणून घोषित झाला. त्याच वर्षी जमीन व पाण्याच्या जुन्या वादातून तेथे पोकोमो आणि ओर्मा समाजांत उसळलेल्या हिंसाचारात शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. शेत आणि कुरण या दोहोंचा आधार असलेला पूर किती व केव्हा यावा, हे आता पावसाइतकेच धरणांच्या दारांवरही अवलंबून आहे.