जीप आणि कन्हारचा चिखल

जीप हे युद्धाचे अपत्य. विलिज कंपनीने १९४१ साली ती अमेरिकन सैन्यासाठी घडविली. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर लौकरच मुंबईत सुटे भाग जोडून ती आपल्या देशात रुजविली. १९५८ साली दंडकारण्य योजना निघाली, तेव्हा रायपूरहून केशकालचा घाट चढून बस्तरच्या रानात शिरावयास अशीच गाडी हवी होती.

चारही चाके ओढतात म्हणून ती अडकत नाही, हा समज मात्र आम्हांस भोळा वाटतो. आसाच्या मध्यावरील दंतचक्रे कमी विरोधाच्या चाकालाच फिरवितात. काळ्या कन्हार मातीत पुढचे एक व मागचे एक चाक गरगरते आणि जोर द्यावा तसतशी गाडी रुतते. सैन्यात ढकलावयास पलटण असे. सरकारी दौऱ्यावर एक चालक व एक कारकून!

अशा वेळी माती उकरून चाकाखाली दगड-फांद्या घालाव्या आणि खालच्या गिअरात सावकाश निघावे. ओढणे भागच पडले तर दोर सांगाड्याच्या मूळ लोखंडास बांधावा. जुन्या गाडीचा गंजलेला बंपर उखडून गोफणीच्या धोंड्यासारखा येतो. दोराच्या रेषेतून बघ्यांना आधी हटवावे. खोल नाला ओलांडला असेल तर गाडीत मुक्कामाचा बिछाना पसरण्यापूर्वी आसातील तेल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले असे समजून बदलावे.