बसणारा आणि मिटणारा

मराठवाड्यात मांडवाचे सामान भाड्याने देणाऱ्या दुकानावर ‘बिछायत केंद्र’ अशी पाटी असते. पुण्या-मुंबईकडे त्याच दुकानाला मंडप डेकोरेटर म्हणतात, म्हणजे धंदा ओळखला जातो तो डोक्यावरच्या कापडावरून. नांदेड-लातूरकडे मात्र त्याला नाव मिळाले ते खाली अंथरायच्या वस्तूंवरून. पाटी नीट वाचली तर धंद्याची वंशावळच हाती येते. आधी सतरंज्या, जाजमे, गाद्या आणि लोड-तक्के. खुर्ची मागाहून आली, आणि आली तीही मिटून ठेवता येणारी, लोखंडी, घडीची. या खुर्चीबद्दल सर्रास सांगतात ते असे: जागा वाचवते म्हणून ती आली आणि स्वस्त प्लास्टिकची आली तशी ती गेली. हे खोटे नाही, पण अर्धे आहे. घडीच्या खुर्चीला माणसे दोन लागतात, एक बसणारा आणि एक मिटणारा. ही दोन्ही कामे एकच माणूस करतो तोवर तिची रचना शहाणी राहते. ती दोन माणसांत वाटली गेली की रचना बसणाऱ्याची काळजी घेते आणि मिटणाऱ्याची बोटे विसरते. मराठवाड्यातल्या घडीच्या खुर्चीचे जे झाले ते, माझ्या मते, या विसरण्यामुळे झाले.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी, कारण या मुलखात बैठक म्हणजे जमीनच होती. लातूरची गंजगोलाई १९१७ साली फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार उभी राहिली आणि सोळा रस्ते तिला येऊन मिळाले. त्या बाजारातल्या पेढीचे रूप गादी, लोड आणि चोपडी असे होते. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला आजही सगळे ओळीने जमिनीवर बसतात, आणि त्या ओळीला पंजाबीतही पंगतच म्हणतात. खुर्ची होती ती मानाची. शब्द अरबी ‘कुर्सी’वरून आलेला, आणि इंग्रजांच्या दरबारी रिवाजात ‘कुर्सीनशीन’ ही एक पदवीच होती: साहेबासमोर खुर्चीवर बसायचा हक्क असलेला माणूस. अशी खुर्ची कोणी घडी करून ठेवत नाही. भाड्याने शेकड्यांनी द्यायच्या खुर्च्यांना मोठ्या सभा लागतात, आणि निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमान्वये सभा घ्यायलाच परवानगी लागे. संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला आणि दुसरे १९३८ साली लातूरला झाले, ते अशा वातावरणात. सभाच दुर्मीळ असतील तर खुर्च्यांचा धंदा कुठून वाढणार?

पण याचा अर्थ घडीच्या खुर्चीतली मिटणारी कात्री, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन बाजूंचा सांधा, इथल्या माणसाला ठाऊक नव्हती असा नव्हे. ती घरोघर होती, फक्त तिच्यावर माणूस बसत नव्हता. पोथीची ठवणी पाहा. सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण बसते तेव्हा मांडवात ठवण्यांच्या ओळी लागतात. माहूरसारख्या ठिकाणी महानुभावांची पोथीही अशाच आधारावर उघडते, आणि मुसलमान घरातली कुराणाची रेहल हीच वस्तू आहे. चांगली ठवणी एकाच फळीतून कोरलेली असते. फळी जाडीत अर्धी चिरतात, पण मधला पट्टा शिल्लक ठेवून त्यात एकाआड एक दाते कोरतात, आणि ते दातेच बिजागरी होतात. खिळा नाही, रिबीट नाही, सरस नाही. उघडताना लाकूड लाकडाला भिडते तिथे ठवणी आपोआप थांबते, म्हणजे अडसर वेगळा बसवावा लागत नाही. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दात्यांमधली फट उघडताना आणि मिटताना सारखीच राहते आणि ती इतकी बारीक असते की बोट आत जातच नाही. सुताराने हा विचार बोटांच्या काळजीपोटी केला असे मी म्हणणार नाही. त्याला सांधा घट्ट हवा होता. तरी ठवणी उघडणारा, वाचणारा आणि मिटणारा माणूस एकच असल्याने वाईट ठवणी घरात टिकली नसती हेही तितकेच खरे.

मिटणारा वेगळा झाला तो छावणीत. हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या छावण्या नांदेडच्या वरच्या अंगाला हिंगोलीला आणि लातूरच्या शेजारी मोमिनाबादला, म्हणजे आजच्या आंबेजोगाईला होत्या. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याबरोबर तंबू, घडीचा पलंग, घडीचे मेज आणि घडीची खुर्ची जायची. बसायचा साहेब, उघडायचा आणि मिटायचा तंबू ठोकणारा खलाशी. गंमत अशी की याच लष्करी जगातून निघालेली सर्वांत गाजलेली खुर्ची मुळात मिटतच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची ‘रुरकी’ खुर्ची, गंगा कालव्याकाठच्या रुरकीच्या लष्करी इंजिनियरांच्या नावाने ओळखली जाणारी, सुटी होते. निमुळत्या दांड्या पायांच्या भोकांत नुसत्या बसवायच्या, वर कॅनव्हास ताणायचे. माणूस बसला की सांधे त्याच्याच वजनाने घट्ट होतात आणि जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी १९३३ साली तिच्यावरूनच आपली ‘सफारी’ खुर्ची बेतली. कात्री नाही म्हणून चिमटा नाही. पण ती जोडायला वेळ लागतो, आणि लग्नाच्या मांडवात पाचशे खुर्च्या जोडत कोण बसेल? तिथे कात्रीच हवी. वाड्याच्या ओसरीवरची कापडी आरामखुर्ची ही मधली पायरी म्हणता येईल. मागची दांडी खाचेत नीट बसली नाही तर ती बोटांवरच यायची, आणि तिला हात लावायला बहुधा घरातले पोरगेच पाठवलेले असायचे.

१९११ साली बार्शी लाइट रेल्वेचे चिमुकले रूळ लातूरला पोचले. त्याच वर्षी अमेरिकेत व्हर्जिनियाच्या नथॅनियल अलेक्झांडर यांनी चर्च आणि शाळांसाठी एका घडीच्या खुर्चीचे पेटंट घेतले. तिच्या पाठीमागे मागच्या रांगेतल्या माणसाला पुस्तक टेकवायची सोय होती. खुर्ची आणि ठवणी एकाच चौकटीत! या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण काळ कोणत्या दिशेने चालला होता ते दोन्हींतून दिसते. माणसे मोठ्या संख्येने एकत्र येणार, थोडा वेळ बसणार, आणि मग जागा मोकळी करून द्यावी लागणार. मराठवाड्यात ही वेळ सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपल्यावर आली. सभांवरचे बंधन गेले. शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलने, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा, निवडणुका आणि शहरी थाटाची लग्ने सुरू झाली, आणि बिछायतीच्या गोदामात सतरंज्यांशेजारी लोखंडी खुर्च्यांची चळत लागली. किनवट-माहूरकडे सागवान होते, पण लातूरकडे जंगल नावालाच. आणि लाकडी घडीची खुर्ची पावसाळ्यात फुगते, सांध्यात अडकते. पाईप, पत्रा आणि वेल्डरचे दुकान मात्र तालुक्याच्या गावीही मिळे.

या लोखंडी खुर्चीची रचना बसणाऱ्याच्या बाजूने पाहिली तर दोष काढणे अवघड आहे. पाईपच्या दोन चौकटी असतात. लांब चौकटीचा वरचा भाग पाठीला आणि खालचा भाग पुढच्या पायांना. आखूड चौकट मागच्या पायांना. दोन्ही बाजूंना रिबीट घालून त्या कात्रीसारख्या जोडलेल्या. बैठकीचा पत्रा एका चौकटीवर फिरतो आणि दुसरीच्या आडव्या दांडीवर टेकतो. पाहुणा बसला की पाय फाकायला पाहतात आणि पत्रा त्यांना धरून ठेवतो. जितके वजन जास्त तितकी खुर्ची घट्ट. आता तीच खुर्ची मिटणाऱ्याच्या हाताने पाहा. पत्रा वर उचलायचा तर हात पत्र्याच्या कडेखाली जातो. पत्रा वर येऊन पाईपला भिडतो, आणि नेमकी त्याच जागी बोटे असतात. हिशेब साधा आहे. पत्र्याच्या टोकाशी, सांध्यापासून चाळीस सेंटिमीटरवर, पाच किलोचा जोर लावला आणि बोट सांध्यापासून दोन सेंटिमीटरवर असले, तर त्या बोटावर येणारा दाब वीसपट होतो, म्हणजे शंभर किलो. म्हणूनच फर्निचरच्या सुरक्षेचा ढोबळ नियम असा की हलत्या भागांमधली फट सुमारे आठ मिलिमीटरच्या आत तरी असावी, नाहीतर पंचवीसच्या वर; मधली फट बोट आत घेते आणि सोडत नाही. कात्रीच्या खुर्चीत ही फट मिटताना पंचवीसवरून शून्यावर येते. त्यात जुन्या रिबिटीचे भोक घासून लंबगोल झालेले असले की सांधा डुगडुगतो आणि पत्रा नेमका कुठे भिडेल याचाही भरवसा राहत नाही.

यावर पहिला आक्षेप धंद्यातल्या माणसाचाच असेल: बोट चेमटते ते निष्काळजीपणाने, सरावाच्या हाताला काही होत नाही. सरावाने अपघात कमी होतात हे मान्य. पण काम कसे चालते तेही पाहायला हवे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची जत्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार आणि तमाशाचे तंबू ही तिची ओळख. असा खेळ असो की लग्न, सामान आवरायचे ते माणसे उठून गेल्यावर, बहुतेकदा रात्री, अपुऱ्या उजेडात, आणि दुसऱ्या गावची गाडी भरायच्या घाईत. पाहुणा एका खुर्चीवर एकदा बसतो. मिटणारा एका रात्रीत पाचशे वेळा तोच हात त्याच फटीजवळ नेतो. पाचशेतून एकदा चूक होणे हा निष्काळजीपणा नव्हे, हा माणसाचा स्वभाव आहे, आणि रचनेने तो आधीच धरून चालायला हवे होते. ठवणीला सराव लागत नाही. हीच गोष्ट पडण्याची. पाहुणा खुर्चीच्या मधोमध बसतो, म्हणून ती त्याला दगा देत नाही. पण झालर बांधायला खुर्चीवर चढलेल्या माणसाचा पाय पत्र्याच्या मागच्या कडेवर पडतो, वजन सांध्याच्या मागे जाते आणि तीच खुर्ची त्याच्याखाली मिटते. पुन्हा तोच माणूस, ज्याचा विचार आराखड्यात नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्लास्टिकची अखंड खुर्ची स्वस्त पडली, सांध्याबिंध्याचा यात काय संबंध? फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी १९७२ साली ‘फोतय ३००’ ही एकाच साच्यातून, दोन मिनिटांच्या आत बाहेर पडणारी खुर्ची बाजारात आणली. आपल्याकडे १९९१ नंतरच्या दशकात नीलकमलसारख्या कंपन्यांमुळे तशा खुर्च्या खेड्यापर्यंत पोचल्या. किंमत हे कारण मी नाकारत नाही. मात्र किंमत एकटी पुरत नाही. लोखंडी खुर्ची वेल्डिंग करून, रंग मारून पिढीभर चालते. प्लास्टिकची मराठवाड्याच्या उन्हात ठिसूळ होते आणि एकदा पाय चिरला की तिला भंगारवाल्याशिवाय वाली नाही. मग जागेचे काय? मिटलेली लोखंडी खुर्ची साधारण पाच सेंटिमीटर जाड, हातभर रुंद आणि दोन हात उंच. प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घातल्या तरी दर खुर्चीमागे पाच-सहा सेंटिमीटर वाढतातच, आणि हातांमुळे तिचा पसारा चौरस राहतो. पंधरा-पंधरा खुर्च्यांचा हिशेब मांडला तर घडीची खुर्चीच कमी जागा खाते. म्हणजे जिच्यासाठी ती जन्मली त्या कसोटीवर ती हरलीच नाही.

ती हरली वजनावर आणि हाताळणीवर, आणि या दोन्ही गोष्टी बसणाऱ्याच्या नाहीत. चार-पाच किलोऐवजी दोन-अडीच किलो उचलायचे. उघडायचे नाही, मिटायचे नाही, दहा-बारा खुर्च्यांची चळत एका झोक्यात टेम्पोत चढवायची. बिछायत केंद्राच्या मालकाने खुर्ची बदलली ती त्याला मजुराच्या बोटांचा कळवळा आला म्हणून नव्हे. चार पोरांचे काम दोघांत होऊ लागले, म्हणून. इथे कोणी म्हणेल, मग तुमच्या म्हणण्यात उरले काय, कारण अखेर पैसाच ना? उरते ते असे की पैसा वाचला तो मिटणाऱ्याच्या कामात, आणि ते काम इतके महाग पडत होते कारण रचनेने ते अवघड करून ठेवले होते. फटीवर पत्र्याची टोपी, पत्रा उचलायला कडेपासून दूर एक मूठ, मिटताना शेवटचे इंचभर अंतर राखणारा रबरी ठोकळा: यातले काहीच वेल्डरच्या आवाक्याबाहेरचे नव्हते. पण खुर्च्यांची ऑर्डर देणारा मालक, भाडे देणारा वधूपिता आणि बसणारा पाहुणा या तिघांपैकी कोणीच खुर्ची मिटत नव्हता. जो मिटत होता त्याला विचारायची पद्धत नव्हती.

सांधा मांडवातून पुरता गेला असे मात्र नाही. पंगत उठली, बुफे आला आणि त्याबरोबर केटररचे घडीचे टेबल आले. सहा फुटी फळी एकात एक घालता येत नाही, म्हणून तिचे पाय मिटावेच लागतात. त्या पायांना लोखंडी चाप असतो. तो सरळ झाला की पाय अडतो, आणि मिटताना त्यावर अंगठ्याने दाबावे लागते. वर पांढरे कापड आणि झालर असते, त्यामुळे पाहुण्याला तो दिसत नाही.