रूळ नसलेल्या गावची एक्स्प्रेस

नाशिक म्हटले, की परगावच्या माणसाला गोदावरीचा घाट आठवतो, कुंभमेळा आठवतो, द्राक्षे आठवतात. आम्हां नाशिककरांनी ह्या यादीत अलीकडे एका पाड्याचे नाव अभिमानाने जोडले आहे. तो म्हणजे हरसूल भागातला सावरपाडा. आणि त्याचे नाव देशभर नेले ते कविता राऊत ह्या आदिवासी घरातल्या मुलीने.

लोक तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणू लागले. केरळच्या पी. टी. उषाला 'पय्योली एक्स्प्रेस' म्हणत, त्याच धर्तीचे हे नाव. पण पय्योलीला रेल्वेचे स्टेशन तरी आहे. सावरपाड्याच्या डोंगरात रूळ कुठले? तरीही नाव चिकटले. लोकांनी प्रेमाने ठेवलेली नावे अशीच असतात; ती नकाशा पाहून ठेवलेली नसतात.

कविताचा जन्म 1985 चा. धावायला बूट नसले तरी अडत नाही, म्हणून आपण हा खेळ पत्करला, असे तिनेच सांगितले आहे. पुढे नाशिकला भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर विजेंद्रसिंग ह्या प्रशिक्षकांच्या हाताखाली अनवाणी पायांना शिस्त लागली.

ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले. चारशे मीटरच्या मैदानाला पंचवीस फेऱ्या. पुढे केनियाच्या दोघीजणी आणि त्यांच्यामागे आमची कविता! राष्ट्रकुल स्पर्धांत धावण्याच्या शर्यतीत भारतीय स्त्रीने मिळवलेले हे पहिले वैयक्तिक पदक. मिल्खासिंगांनी 1958 मध्ये कार्डिफला सुवर्णपदक जिंकले, त्याला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती. साहजिकच ती घरोघरी पोहोचली.

पण वाचकहो, मला खरे नवल वाटते ते ह्याच्या पुढच्या शर्यतीचे. दिल्लीत तिला 33 मिनिटे 5.28 सेकंद लागले होते. जेमतेम दीड महिन्याने चीनमधल्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तेच अंतर तिने 31 मिनिटे 51.44 सेकंदांत तोडले. मिनिटाहून अधिक वेळ वाचला! आपल्याच देशाची प्रीजा श्रीधरन एका सेकंदाहूनही कमी अंतराने पुढे गेली आणि कविताला रौप्य मिळाले. तिथेच पाच हजार मीटरमध्ये तिने कांस्यही घेतले. तरी आजही कुणाला विचारा, आठवते ते दिल्लीचेच पदक. लोकप्रियतेचे घड्याळ निराळे असते. ते सेकंद मोजत नाही, प्रसंग मोजते.

2012 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 2016 मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकून तिने रिओ ऑलिंपिक गाठले. तिथे ती 120 वी आली. त्या दिवशी कुणी फटाके वाजवले नाहीत. पण बेचाळीस किलोमीटरहून अधिक अंतर तिने पुरे केले, हेही इतिहासात मांडले पाहिजे.

तिच्यानंतर त्याच प्रशिक्षकांच्या तालमीत नाशिक जिल्ह्याच्या आणखी मुली पुढे आल्या. 2017 मध्ये संजीवनी जाधवने भुवनेश्वरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरचे कांस्य मिळवले, तर मोनिका आथरे लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. टाळ्या विरतात, हारतुरे सुकतात. एका मुलीला पाहून दुसरीच्या आईबापांनी तिला मैदानावर जाऊ दिले, तर त्या लोकप्रियतेचे चीज झाले असे मी समजतो.