राज्य महामार्गाचे अधिकृत टोक (कर्जत–खालापूर)
राज्य महामार्ग कुठे संपतो हे महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ खालील राजपत्रातील अधिसूचनेवरून ठरते. फलक व नकाशे तिच्यानंतर येतात. कर्जत–खालापूर पट्ट्यात घोटाळा साहजिकच होतो. शहापूर–मुरबाड–कर्जत–खोपोली रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५४८-ए आहे. जुना मुंबई–पुणे रस्ता २०१० च्या फेरक्रमांकनात ४ चा ४८ झाला, पण लोकांच्या तोंडी अजून ‘एनएच फोर’च आहे. हिरव्या माथ्याचा किलोमीटरचा दगड राज्य महामार्गाचा, पिवळ्या माथ्याचा राष्ट्रीय. दर्जा बदलला तरी जुना दगड जागेवरच राहू शकतो. वाद पडल्यास अधिसूचनेतील रस्त्याचे वर्णन आधी वाचावे. खड्डा कोणी बुजवायचा आणि रस्त्यालगतच्या बांधकामाला कोणती नियंत्रण रेषा लागू, हे त्यावरच ठरते.