सार्वजनिक आरोग्य माहितीशास्त्र: काय शिकायचे, कुठे शिकायचे आणि कशासाठी?

पदवीनंतर पुढे काय, असे विचारले की आपल्या मुलामुलींसमोर एमपीएससी, बीएड, एमएसडब्ल्यू आणि एलएलबी एवढ्याच वाटा येतात. सार्वजनिक आरोग्य माहितीशास्त्र ही आणखी एक वाट आहे. इंग्रजीत तिला पब्लिक हेल्थ इन्फॉर्मेटिक्स म्हणतात. आपल्या वस्त्यांशी आणि पाड्यांशी तिचा थेट संबंध आहे, पण तिची चर्चा फारशी होत नाही.

हे शास्त्र नेमके काय?

गावात किती बाळे जन्मली, किती दगावली, कोणाला लस मिळाली, क्षयाचा कोणता रुग्ण औषध अर्धवट सोडून गेला, ही माहिती गोळा करणे, तपासणे, जोडणे आणि निर्णयापर्यंत पोहोचवणे म्हणजे हे शास्त्र. त्यात आरोग्य, संख्याशास्त्र आणि संगणक ही तिन्ही क्षेत्रे एकत्र येतात. दवाखान्याची संगणक प्रणाली चालवणे हा त्याचा एक भाग झाला. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा भर मात्र एका रुग्णापेक्षा संपूर्ण लोकसंख्येवर आहे.

देशात अशा अनेक प्रणाली चालू आहेत. आरोग्य संस्थांचे मासिक अहवाल 2008 पासून एचएमआयएस पोर्टलवर जातात. क्षयरुग्णांची नोंद 2012 पासून निक्षयवर होते. अंगणवाडीतील मुलांचे वजन-उंची 2021 पासून पोषण ट्रॅकरवर भरले जाते. सप्टेंबर 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि 14 अंकी आभा क्रमांक आला.

धडगावातून पाहिले तर

धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्यालय. सातपुड्याच्या कुशीत, नर्मदेच्या काठावर विखुरलेले पाडे. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. देशातील पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. म्हणजे डिजिटल ओळख इथे सर्वांत आधी आली. आरोग्याच्या नोंदीची अडचण मात्र त्या क्रमांकाने सुटली नाही.

समजा, तालुक्यातली एक गरोदर बाई घरच्यांसोबत मजुरीसाठी गुजरातेत गेली. पहिली तपासणी इथे झाली, बाळंतपण तिथे. इथल्या नोंदीत ती ‘पावरा’, तिथे ‘पवार’. जन्मतारीख कोणालाच माहीत नाही, म्हणून शाळेच्या दाखल्यावरची 1 जून. अशा वेळी संगणकाला एकाच बाईच्या जागी दोन बाया दिसतात. बाळ दगावले तर त्याची नोंद दोन्हीकडून निसटू शकते. सरदार सरोवरात गावे बुडाल्यावर तळोदा-शहाद्याकडे पुनर्वसन झालेल्या कुटुंबांचेही तसेच. माणूस एका तालुक्यात, जुने कागद दुसऱ्या तालुक्यात.

यात आशाताईंचा दोष नाही. त्या आधी रजिस्टर लिहितात, मग नेटवर्क मिळेल त्या टेकडीवर जाऊन ॲप भरतात. पावरी आणि भिली बोलणाऱ्या बाईची माहिती मराठी-इंग्रजी रकान्यांत बसवतात. दोष आराखड्याचा आहे. ज्याने तो केला त्याने पाडा पाहिलेला नसतो. म्हणून पाडा पाहिलेल्या माणसाने हे शिक्षण घेणे गरजेचे आहे.

मोजणीने काय बदलते?

महाराष्ट्रात याचे मोठे उदाहरण आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावोगावी जन्म-मृत्यूंची स्वतंत्र नोंद ठेवली. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. 2001 च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने राज्यातील कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत हे दाखवले. पुढे शासनाला बालमृत्यूंवर मूल्यमापन समिती नेमावी लागली. जो मृत्यू मोजला जात नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात पैसा ठेवला जात नाही.

आपल्या समाजाचाही प्रश्न आहे. सिकलसेल हा फक्त आदिवासींचा आजार समजला जातो, पण विदर्भातील बौद्ध समाजातही तो आढळतो. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशनचे लक्ष्य 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे आहे आणि त्याचा भर आदिवासी भागांवर आहे. मग इतरांची मोजणी कोण करणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ‘बौद्ध/नवबौद्ध’ हा वेगळा गट दाखवला जातो. त्या तक्त्यांचा अभ्यास करून आपल्या आरोग्याबद्दल लिहिणारे किती जण आहेत?

कुठे शिकता येईल?

*सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने:* मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात दोन वर्षांचा एमपीएच आहे. चेन्नईची राष्ट्रीय रोगपरिस्थितीविज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था याही नावाजलेल्या. काही ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, काही ठिकाणी वैद्यकीय पदवी किंवा अनुभव मागतात.

*आकडेवारीच्या बाजूने:* देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (आयआयपीएस). कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मध्यवर्ती संस्था हीच. लोकसंख्याशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण इथे मिळते.

*तंत्रज्ञानाच्या बाजूने:* आयआयटी मुंबईचे कोइटा डिजिटल हेल्थ केंद्र आणि दिल्लीच्या आयआयएचएमआरमधील हेल्थ आयटी. आरोग्य नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे, त्याचे प्रशिक्षण साहित्य पाहावे.

*परदेशात:* युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि जॉन्स हॉपकिन्स इथे हेल्थ इन्फॉर्मेटिक्सचे मास्टर्स आहे. अनेक देशांच्या आरोग्य खात्यांत वापरली जाणारी डीएचआयएस-2 ही मुक्त प्रणाली ओस्लो विद्यापीठात विकसित होते.

समाजशास्त्र, समाजकार्य किंवा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी घाबरू नये. प्रवेशाआधी सहा महिने एक्सेल पक्के करावे, मग आर किंवा पायथन, एसक्यूएल आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस यांची ओळख करून घ्यावी. यातली बरीच साधने मोफत आहेत. संख्याशास्त्राचा पाया मात्र टाळता येणार नाही.

शिष्यवृत्ती आणि कागदपत्रे

- राज्यात शिकताना महाडीबीटीवरील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. वसतिगृह न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना.
- परदेशासाठी अनुसूचित जाती व नवबौद्धांना राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची वेगळी योजना आहे. वय, उत्पन्न आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी बदलत असतात, त्यामुळे चालू वर्षाची जाहिरातच प्रमाण मानावी.
- पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती.
- 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि त्यात मूळ अनुसूचित जातीचे नाव असावे लागते. हा दाखला, जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या आधीच काढून ठेवा. गुणवत्ता असूनही कागदासाठी संधी जाऊ नये.

शिकताना विसरू नये

आरोग्याची माहिती ही माणसाची खासगी गोष्ट आहे. सिकलसेलचा वाहक म्हणून एखाद्या मुलीचे नाव गावात फुटले तर तिचे लग्न अडते. एचआयव्ही किंवा क्षयाची नोंद बाहेर गेली तर काम जाते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पाया संमती आहे. पण अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असे होत नाही. बाईला तिच्या बोलीत समजावून सांगणे आणि तिने नाही म्हटले तरी उपचार न थांबवणे, ही खरी संमती.

बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले आणि तिथले ज्ञान त्यांनी इथल्या माणसांसाठी वापरले. बुद्धाने ‘एहिपस्सिको’ म्हटले, या आणि स्वतः पाहा. आकड्यांनाही तोच नियम लावावा. अहवालातला शून्य दिसला की पाड्यावर जाऊन पाहावे आणि मगच तो मान्य करावा. असा पदवीधर प्रत्येक तालुक्यात एक जरी तयार झाला, तरी पुष्कळ काम होईल.

जय भीम!