घेतलेला माल परत करण्याचा हक्क

बैलबाजारात गेलेला शेतकरी पैसे मोजण्यापूर्वी काय काय करतो, हे तुम्हांला सांगायला नको. तो बैलाचे दात पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो, आणि मनाचे समाधान झाले म्हणजे मग कमरेची पिशवी सोडतो. बियाणे घेताना तो मूठभर दाणे हातावर घेऊन फुंकर मारतो. थोडक्यात, आधी पारख आणि मग पैसा, ही आपली जुनी रीत.

आता मात्र घराघरांत एक असे दुकान येऊन बसले आहे की, तेथे ही रीत चालत नाही. ते म्हणजे मोबाइल फोनमधले ॲपचे दुकान. तेथला माल हातात घेता येत नाही. पैसे आधी जातात, वस्तू नंतर कळते. पुष्कळदा तर ‘घेणारा’ म्हणजे घरातले आठ-दहा वर्षांचे पोर असते. मग प्रश्न उभा राहतो : माल पसंत पडला नाही, किंवा चुकून घेतला गेला, तर पैसे परत मिळतात काय? किती वेळात मिळतात? आणि ती मुदत ठरवायची कोणी? या तीन प्रश्नांचा इतिहास आज पाहावयाचा आहे. दुकान नवे असले तरी प्रश्न फार जुना आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी न्यायालयात येणाऱ्या वादांचे अठरा प्रकार केले. त्यांतला एक प्रकार ‘क्रयविक्रयानुशय’ हा होय. अनुशय म्हणजे पस्तावा. विकत घेऊन किंवा विकून झाल्यावर ज्याला पस्तावा होतो, त्याने काय करावे, हा त्या प्रकरणाचा विषय. मनुस्मृतीने यासाठी दहा दिवस दिले. त्या मुदतीत घेणाऱ्याने परत द्यावे, विकणाऱ्याने परत घ्यावे. दहा दिवसांनंतर मात्र कोणाचेही ऐकले जाणार नाही, उलट दंड होईल.

नारदस्मृती याहून बारकाईने बोलते. घेतलेली वस्तू त्याच दिवशी, जशीच्या तशी परत केली तर सगळे पैसे परत. दुसऱ्या दिवशी परत केली तर किमतीचा तिसावा भाग सोडावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट सोडावा. त्यापुढे वस्तू घेणाऱ्याची. शिवाय पारख करण्याची मुदत वस्तूगणिक वेगळी सांगितली आहे. दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात. याज्ञवल्क्याने बियाण्याला दहा दिवस दिले आणि लोखंडाला एकच. हे असे का? तर लोखंड ठोकून पाहिले की तत्काळ कळते; बी मात्र रुजल्यावाचून कळत नाही. ज्या वस्तूची पारख व्हायला जितका वेळ लागतो, तितका वेळ घेणाऱ्याला द्यावा, हे त्यातले तत्त्व. ते ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

तिकडे प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख करणारे ‘एडाइल’ नावाचे अधिकारी असत. गुलाम आणि जनावरे विकणाऱ्याने त्यांचे दोष आधी जाहीर केले पाहिजेत, असा त्यांचा हुकूम होता. दोष लपवला तर सहा महिन्यांच्या आत सौदा मोडून घेता येई. अर्थात सगळीकडे असेच होते असे नाही. इंग्रजांच्या कायद्यात ‘घेणाऱ्याने सावध असावे’ हे सूत्र रुजले आणि ते १९३० च्या माल विक्री कायद्याबरोबर आपल्याकडेही आले. त्याला अपवाद आहेत. तरी पारख करून घेण्याचा मुख्य भार त्याने घेणाऱ्याच्याच डोक्यावर ठेवला.

पण माल समोर नसेल तर पारख करायची कशी? हा प्रश्न अमेरिकेतल्या शेतकऱ्यांपुढे उभा राहिला. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड याने १८७२ मध्ये टपालाने माल विकण्याचा धंदा काढला. गिऱ्हाईक खेड्यातले, माल शहरातला, मधे शेकडो मैल. विश्वास बसणार कसा? १८७५ मध्ये वॉर्डने जाहीर केले की, पसंत न पडल्यास पैसे परत. म्हणजे न पाहता घेतलेल्या मालाला परतीचा हक्क हवा, ही गोष्ट व्यापाऱ्यालाही आपल्या फायद्याची वाटली.

आता थेट २००८ सालात येऊ. त्या वर्षी १० जुलैला ॲपल कंपनीने आपले ॲप स्टोअर उघडले. आरंभी तेथे सुमारे ५०० ॲप होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगलचे अँड्रॉइड मार्केट निघाले. २०१२ मध्ये त्याचेच नाव गूगल प्ले झाले. अँड्रॉइड मार्केटमध्ये प्रथम परतीची मुदत २४ तासांची होती. डिसेंबर २०१० मध्ये गूगलने ती १५ मिनिटांवर आणली. विकणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. लहानसा खेळ पोरगा एका दिवसात खेळून संपवतो आणि पैसे परत मागतो. मग तो खेळ तयार करणाऱ्याने खावे काय? हा आक्षेप खोटा नाही. पण १५ मिनिटे म्हणजे मनूचे दहा दिवस सोडाच, याज्ञवल्क्याच्या लोखंडाइतकीही मुदत नव्हे. कित्येक ठिकाणी तेवढ्या वेळात ॲप फोनमध्ये उतरतसुद्धा नाही.

यावर पहिली मोठी ठिणगी पडली ती तैवानमध्ये. तेथल्या कायद्याप्रमाणे न पाहता मागवलेला माल सात दिवसांत परत करता येतो. जून २०११ मध्ये तैपेई शहराच्या प्रशासनाने दोन्ही कंपन्यांना सांगितले की, तुमच्या ॲपनाही हाच नियम लागू आहे. ॲपलने मान्य केले. गूगलने केले नाही. शहराने गूगलला १० लाख तैवानी डॉलर दंड केला, आणि गूगलने तैवानात पैशाची ॲप विकणेच थांबवले. ती पुढे २०१३ मध्ये परत आली. एक शहर आणि एक जगड्व्याळ कंपनी यांच्यातला हा सामना मुदत कोणी ठरवायची, या प्रश्नावरच होता. गूगलनेही सप्टेंबर २०१४ मध्ये १५ मिनिटांचे दोन तास केले.

दुसरा तंटा मुलांचा. ॲप फुकट, पण आतली नाणी, फळे, हिरे विकत, अशी पद्धत २००९ पासून फोफावली. ॲपलच्या फोनवर एकदा परवलीचा शब्द घातला की पुढची १५ मिनिटे पुन्हा विचारणा होत नसे. म्हणजे बघा, एका दुकानात माल परत करायला १५ मिनिटे, तर दुसऱ्या दुकानात बापाचा गल्ला १५ मिनिटे उघडा! मुलांनी शेकडो डॉलर उडवले आणि आईबापांना ते बिल आल्यावर कळले. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हे प्रकरण धसास लावले. जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर, तर सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत करण्याचे कबूल केले. ॲमेझॉन न्यायालयात लढली, २०१६ मध्ये हरली, आणि २०१७ मध्ये तिच्या गिऱ्हाइकांनाही परतीचा मार्ग मोकळा झाला.

तिसरा तंटा ऑस्ट्रेलियाचा. संगणकावरील खेळ विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या दुकानाची अट होती, ‘पैसे परत मिळणार नाहीत’. २०१४ मध्ये तेथल्या ग्राहक आयोगाने खटला भरला. आपण ‘माल’ विकतच नाही, असाही बचाव कंपनीने केला. न्यायालयाने २०१६ मध्ये तो फेटाळला आणि ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. दरम्यान जून २०१५ मध्ये स्टीमने आपला नियम बदलला होता : १४ दिवसांच्या आत, आणि खेळ दोन तासांहून कमी खेळला असेल, तर पैसे परत. यात जुने तत्त्व नव्या वेषात आले आहे. वस्तूचा किती उपभोग घेतला हे मोजून परतीचा हक्क ठरवायचा, हेच नारदाच्या तिसाव्या भागाच्या मुळाशी आहे.

युरोपात जून २०१४ पासून दुरून केलेल्या खरेदीला १४ दिवसांचा परतीचा हक्क लागू झाला. त्यात एक मेख आहे. ‘लगेच उतरवून द्या, मी परतीचा हक्क सोडतो’ अशी स्पष्ट संमती दिली की तो हक्क संपतो. म्हणजे एका बटणाच्या दाबाने कायद्याने दिलेले हातचे जाते.

आता आपल्याकडे वळू. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापाराचे नियम निघाले. डिजिटल वस्तूंचाही त्यांत उल्लेख आहे, आणि परतीच्या अटी दुकानाने स्पष्ट सांगितल्या पाहिजेत असा दंडक आहे. पण अमुक इतक्या दिवसांत पैसे परत द्याच, अशी सरसकट मुदत त्यांत नाही. म्हणजे माहिती देणे बंधनकारक, मुदत मात्र बहुतांशी दुकानदाराच्या मनाची. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना २४ तास आधी मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला वर्गणीत अडकवून ठेवणाऱ्या क्लृप्त्यांवरही केंद्रीय प्राधिकरणाने बंदी घातली.

या सगळ्याचा तुम्हांला उपयोग काय? मजुरीच्या एका दिवसाचे पैसे एका बोटाने जातात, म्हणून चार गोष्टी सांगतो. ज्या फोनमध्ये पैसे देण्याची सोय आहे, त्यात प्रत्येक खरेदीला परवलीचा शब्द विचारला जाईल अशी व्यवस्था करून घ्या. चुकीची खरेदी दिसली की त्याच दिवशी अर्ज करा. गूगलकडे पहिल्या ४८ तासांत मागणी करणे सोपे असते, ॲपलचे ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ नावाचे पान आहे. ॲप पुसून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही, ती वेगळी बंद करावी लागते. आणि दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. नागरिकशास्त्राच्या तासाला ग्राहकाचे हक्क शिकवताना या अटींतली एखादी ओळ मुलांना मोठ्याने वाचायला लावा, आणि तिचा अर्थ सोप्या मराठीत सांगायला लावा. बैलाचे दात कसे पाहायचे हे शेतकऱ्याचा मुलगा बापाबरोबर बाजारात हिंडून शिकतो. या नव्या बाजारात त्याच्याबरोबर हिंडणारे कोणी नाही. ते काम पुष्कळ ठिकाणी तुम्हांलाच करावे लागणार आहे.