कोरेगावचा स्तंभ आणि पांढरकवड्याची लढाई

प्रपोजलच्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये मी एक वाक्य अगदी आत्मविश्वासाने टाकलं होतं : "१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला पेशवाई संपली." सरांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं, "मग जूनपर्यंत बाजीराव काय करत होता?"

उत्तर शोधायला लागले तर ते माझ्याच जिल्ह्यात निघालं. मी यवतमाळची. शाळेत शिवनेरीपासून पानिपतापर्यंत सगळं पाठ केलं, पण एप्रिल १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची पांढरकवड्याजवळ दाणादाण उडाली, हे मला पीएच.डी.ला आल्यावर कळलं. लाजच वाटली.

आधी क्रम लावून घेऊ. कोरेगावला कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली आठशेच्या आसपास माणसं होती : मुंबई पायदळाची एक पलटण, थोडे घोडेस्वार, दोन तोफा. समोर पेशव्यांची कितीतरी मोठी फौज, पण प्रत्यक्ष गावात घुसून लढली ती तिच्यातली छोटी तुकडी, आणि तिच्यात अरब शिपाई बरेच. दिवसभर लढाई झाली, गाव काही पेशव्यांच्या हाती आलं नाही. जनरल स्मिथ मागून येतोय म्हटल्यावर पेशव्यांनी दक्षिणेची वाट धरली, स्टॉन्टन शिरूरला परतला. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांकडे गेले. हे प्रतापसिंह इतके दिवस पेशव्यांच्या छावणीतच होते, जवळजवळ कैदेत! म्हणून ही नुसती 'मराठे विरुद्ध इंग्रज' अशी सरळ लढाई म्हणता येत नाही. दोन्हीकडे इथलीच माणसं होती, आणि पेशव्यांच्या बाजूलाही राजा एकीकडे, पेशवा दुसरीकडे.

त्याची मुळं तर आणखी मागे जातात. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. ती निखळ यादवी. बाजीराव पळाला आणि वसईला ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून बसला. कोरेगाव झालं त्याच्या बरोबर पंधरा वर्षं आणि एक दिवसाने.

आष्टीनंतर बाजीराव पूर्वेकडे का आला? नागपूरकर भोसल्यांची मदत मिळेल म्हणून. पण आप्पासाहेब नोव्हेंबर १८१७ मध्येच सीताबर्डीला हरले होते, आणि मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना अटकही केली. तरी चांद्याचा किल्ला होता, तिकडे जायचं. वर्धा नदीच्या बाजूला कर्नल स्कॉटने वाट अडवली आणि हिंगणघाटकडून आलेल्या ॲडम्सने शिवणी-पांढरकवडा भागात गाठलं. तोफा गेल्या, उंट-हत्ती गेले. बाजीराव निसटला, उमरखेडच्या दिशेने. ॲडम्सने मे महिन्यात चांदा घेतलं आणि ३ जूनला असीरगडाजवळ बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. सरांच्या प्रश्नाचं उत्तर हे.

मग माझ्या डोक्यात कोरेगावच का बसलं होतं? कारण तिथे स्तंभ आहे.

स्तंभ हा पुरावा आहे, पण कशाचा? पायाभरणी मार्च १८२१ ची. म्हणजे दगड १८१८ बद्दल बोलतो, पण १८२१ मधल्या कंपनीच्या तोंडाने. तेव्हा तिला निकाल लागल्यानंतरची सोयीची गोष्ट सांगायची होती : मूठभर निष्ठावान शिपाई, अफाट शत्रू, कंपनीचा विजय. लेख इंग्रजीत आणि मराठीतही, म्हणजे वाचक कोण हवा होता तेही ठरलेलं. दगड कोणी, कधी, कोणासाठी उभा केला हे विचारल्याशिवाय त्याचा मजकूर टिपणात उतरवू नका.

पण एवढ्यावर थांबलात तर तीही चूकच. त्याच दगडावर पडलेल्यांची ४९ नावं आहेत आणि त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे महार शिपाई. साध्या शिपायाचं नाव त्या काळच्या कागदांत किती वेळा भेटतं? कंपनीने स्वतःच्या कौतुकासाठी कोरलेली नावं पुढे तिच्या हातात राहिली नाहीत. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि दगडाचा अर्थच बदलला. आज कोणी जयस्तंभ म्हणतं, कोणी विजयस्तंभ, कोणी रणस्तंभ. शब्द ऐकूनच बोलणारा कुठे उभा आहे याचा अंदाज येतो. २०१८ मध्ये दोनशे वर्षं झाली तेव्हा त्या परिसरात हिंसाचार झाला, एक तरुण गेला. तेव्हा "दोनशे वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलात" हे वाक्य व्हायव्हात तरी बोलू नका.

पांढरकवड्याच्या लढाईसाठी असा ठळक दगड हाताशी नाही, मग भिस्त पुस्तकांवर. व्हॅलेंटाइन ब्लॅकर हा मद्रास फौजेचा अधिकारी, त्याचं या युद्धावरचं पुस्तक १८२१ चंच. त्यात कूच, तोफा, अंतरं, अधिकाऱ्यांची नावं बारकाईने येतात. पेशव्यांकडून मेलेला घोडेस्वार मात्र नुसता आकडा. कोरेगावच्या त्या ४९ नावांचं मोल मला खरं तर इथे कळलं.

आणि एक साधी पण जीव खाणारी अडचण : गावाचं नाव. इंग्रजी कागदात शिवणी 'सिवनी' अशी दिसते, आणि बिगरवैदर्भी वाचक थेट मध्य प्रदेशातल्या सिवनीला पोहोचतो. विदर्भात शिवण्या तर पायलीला पन्नास. जिल्ह्याचं नावही तेच राहिलेलं नाही : १९०५ पर्यंत हा 'वणी' जिल्हा, इंग्रजी स्पेलिंगनुसार 'वून'. कॅटलॉगमध्ये 'यवतमाळ' टाकून शोधलंत तर एकोणिसाव्या शतकातलं निम्मं सापडणारच नाही. मी दोन आठवडे असेच घालवले.

ते वाक्य मी खोडलं. आता तिथे तीन पानं आहेत, आणि सरांनी त्यातही दोन ठिकाणी पेन्सिल चालवली आहे.